'मोटर जळाली' म्हणून जुनं मॉडेल इंजिन बाद करण्याआधी

ट्राय-अँग, हॉर्न्बी डब्लो, मार्कलिन अशी जुनी मॉडेल रेल्वे इंजिनं बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या फार फिरतोय. तो थोडक्यात असा: इंजिन हललं नाही किंवा फार तापलं तर मोटर जळाली समजा. डब्ल्यूडी-४० (गंज सोडवणारा तेलकट फवारा) मारा, कम्युटेटर (मोटरीच्या दांड्यावरचा, वीज आत नेणारा तांब्याच्या पट्ट्यांचा भाग) पॉलिश पेपरने घासा, चुंबक काढून पुसा. एवढं करूनही चाललं नाही तर मोटर फेका आणि नवी कॅन मोटर (धातूच्या डबीत बंद असलेली छोटी मोटर) बसवा, 'कारण जुन्या मोटरी सगळ्या सारख्याच'. यातल्या बहुतेक सूचनांनी दुरुस्त होणारी मोटर कायमची बिघडू शकते, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

'जुन्या मोटरी सगळ्या सारख्याच'

या मुद्द्याचं उत्तर सर्वांत आधी, कारण ओळख चुकली की पुढचं सगळंच चुकतं. ब्रिटनमधली हॉर्न्बी डब्लो (१९३८ पासून) आणि नंतरची ट्राय-अँग ही १२ व्होल्ट डीसीवर चालणारी, कायम चुंबकाची इंजिनं. जर्मनीतल्या मार्कलिनच्या जुन्या एचओ (१:८७ मापाच्या) इंजिनांत आणि अमेरिकेतल्या लायोनेलच्या जुन्या इंजिनांत कायम चुंबकच नसतो. तिथे स्थिर भागावरही तारेचं वाइंडिंग (गुंडाळी) असतं आणि मोटर एसीवर चालते. मार्कलिनमध्ये दिशा बदलायला साधारण २४ व्होल्टचा झटका देऊन इंजिनातला रिले (विजेने हलणारा स्विच) फिरवतात.

ओळखण्यासाठी वीज बंद ठेवून मोटरीजवळ कागदाची स्टीलची क्लिप न्या. ओढली गेली तर कायम चुंबक, म्हणजे डीसी. ओढली गेली नाही आणि फिरणाऱ्या आर्मेचरशिवाय (तार गुंडाळलेल्या गाभ्याशिवाय) आणखी एक कॉइल दिसली, तर एसीची मोटर. अगदी हलकी ओढ लागली तर चुंबक क्षीण झालेला असू शकतो, तेव्हा दुसरी कॉइल आहे का तेच पाहा. कायम चुंबकाच्या मोटरीला एसी दिला तर ती फिरत नाही, नुसती गुरगुरते, तापते आणि चुंबकही कमजोर होऊ शकतो.

ट्राय-अँगची एक्स-०४ ही मोटर पटकन ओळखू येते: उघडी फ्रेम, तीन पोलांचं आर्मेचर, एका टोकाला ठोकळ्यासारखा चुंबक, दांड्यावर वर्म गिअर (स्क्रूसारखा गिअर) आणि कम्युटेटरला टेकून वीज देणाऱ्या दोन्ही कार्बन ब्रशांना दाबणारी एकच चिमट्यासारखी तारेची स्प्रिंग. या स्प्रिंगच्या एका पायावर इन्सुलेशनची बारीक नळी असते. ती निघाली किंवा दुसऱ्या पायावर गेली की सरळ शॉर्ट होतो. 'जळालेल्या' एक्स-०४ मध्ये पहिल्यांदा ही नळीच तपासावी.

'तापली, म्हणजे वाइंडिंग जळालं'

सगळ्यात जास्त मोटरी याच समजुतीने कचऱ्यात जातात. चुंबक क्षीण झाला की आर्मेचर फिरताना तयार होणारा उलटा विद्युतदाब (व्होल्टेज) कमी पडतो. त्यामुळे मोटर जास्त करंट खेचते, मोकळी असताना भन्नाट फिरते, पण डबे जोडले की दम तोडते आणि तापते. म्हणजे वाइंडिंग शाबूत असूनही मोटर तापू शकते. सुकून घट्ट झालेलं तेल, वाकडा दांडा किंवा कम्युटेटरच्या खाचांत साचलेली कार्बनची भुकटी यांनीही हेच होतं.

वाइंडिंगचा निकाल मल्टिमीटरवर लावायचा. ब्रश बाजूला घ्या आणि कम्युटेटरच्या तीन पट्ट्यांमधलं रोधन (रेझिस्टन्स) दोन-दोनच्या जोड्यांत मोजा. ज्या आर्मेचरच्या प्रत्येक पट्टीवर दोन तारा येतात, त्यात हिशेब स्वच्छ असतो. समजा प्रत्येक कॉइल १२ ओहमची आहे. सगळं ठीक असेल तर तिन्ही जोड्या ८ ओहम दाखवतील. एक कॉइल तुटली असेल तर एक जोडी २४ आणि दोन जोड्या १२. एक कॉइल पूर्ण शॉर्ट असेल तर एक जोडी शून्याजवळ आणि दोन ६. आकडा मोटरीप्रमाणे बदलेल. तिन्ही वाचनं जुळतात की नाही हेच पाहायचं. शेवटी प्रत्येक पट्टी आणि दांडा यांच्यातही मोजा. तिथे 'जोडणी नाही' (ओएल) याऐवजी मीटरवर कुठलाही आकडा दिसला तर वाइंडिंग बॉडीला लागलंय.

कॉइल तुटलेली दिसली तरी लगेच रिवाइंडिंगला घेऊ नका. तार बऱ्याचदा पट्टीवरच्या डाखापाशीच सुटलेली असते. भिंगातून पाहा, टोक खरवडून इनॅमल काढा आणि नवा डाख द्या.

'डब्ल्यूडी-४० मारा'

नको. ते अशा बेअरिंगांसाठीचं टिकाऊ वंगण नाही. फवारा कम्युटेटर आणि ब्रशांवर जातो, त्यात कार्बनची भुकटी मिसळून चिकट लेप बनतो आणि खाचांमधून करंट गळू लागतो. प्लॅस्टिकला चालणारं हलकं तेल सुईच्या टोकावरून प्रत्येक बेअरिंगला एक थेंब, वर्म गिअरला किंचित ग्रीस, कम्युटेटरला काहीही नाही.

'कम्युटेटर पॉलिश पेपरने घासा'

खरखरीत कागदाने तांब्यावर चरे पडतात, ते ब्रश खातात, आणि घासलेले कण खाचांत अडकून पट्ट्या जोडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापसाची काडी धरून दांडा हाताने फिरवा, बोळा काळा निघायचा थांबेपर्यंत. खाचा लाकडी टूथपिकने मोकळ्या करा. ब्रशही पाहा: कार्बन झिजून त्याची धातूची वाटी कम्युटेटरला टेकत असेल तर सफाईचा उपयोग नाही, ब्रश बदलायलाच हवेत. एक्स-०४ चे ब्रश आणि स्प्रिंगा अजून नव्या मिळतात.

'चुंबक काढून पुसा'

यातलं नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ही सूचना सर्वांत वाईट. जुने चुंबक बहुतेक अल्निको या मिश्रधातूचे. दोन ध्रुवांना जोडणारी लोखंडाची वाट तुटली की ते आपोआप कमजोर होतात, आणि काही डब्लो मोटरींत नुसतं आर्मेचर बाहेर काढणंही पुरतं. काढायचाच असेल तर आधी ध्रुवांवर जाड मऊ लोखंडाची पट्टी आडवी लावा आणि परत बसेपर्यंत ती सोडू नका. क्षीण झालेला चुंबक पुन्हा चुंबकित करून घेता येतो. त्याऐवजी निओडिमियमच्या जोरदार चुंबकाचे तुकडेही बसवता येतात. मात्र ध्रुव उलटे लागले तर इंजिन उलटं धावेल आणि जोर फार झाला तर हळू चालवताना अडखळेल.

'नाहीतर कॅन मोटर बसवा'

रोज चालवायचं साधं इंजिन असेल तर हरकत नाही. पण त्यासाठी मूळ चॅसी (इंजिनाचा खालचा सांगाडा) कापली की ते इंजिन पुन्हा मूळ रूपात आणणं जवळजवळ अशक्य. त्याआधी मोटर चॅसीतून सोडवा, ३ व्होल्टपासून वर नेत १२ पर्यंत तपासा आणि करंट मोजा. बाहेर सहज फिरणारी मोटर आत बसवल्यावर अडकत असेल तर दोष तिचा नाही. गिअर, चाकांचे दांडे आणि चॅसी पाहा. जुन्या जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ असली तर ओतकाम वर्षानुवर्षं फुगतं, तडकतं आणि बेअरिंगांची रेषा वाकडी करतं. अशा चॅसीत कुठलीही नवी मोटर अडकणारच.