खिरापत घरचीच हवी

नवरात्र तीन आठवड्यांवर आलंय आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर भोंडल्याचं कोटेशन फिरतंय. घरटी 700 रुपये. साऊंड सिस्टीम, निवेदिका, मधोमध ठेवायला फायबरचा हत्ती, फोटो काढायला सजवलेला कोपरा, आणि जाताना प्रत्येकाच्या हातात खिरापतीचं सीलबंद पाकीट. काल रात्री उशिरापर्यंत त्यावर अंगठे पडत होते. मी काही बोलले नाही. दोन ओळींत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितेय.

हत्ती भाड्याने आणा, स्पीकर लावा, माझी कशालाच हरकत नाही. खिरापत मात्र विकत आणू नका.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे हादगा. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य हस्त नक्षत्रात जातो, हत्तीचा पाऊस कोसळत असतो, तेव्हाचा हा खेळ. नावही त्या नक्षत्रावरूनच आलं. भिंतीवर हत्तीचं चित्र, त्याला फळांच्या माळा. सोळा दिवस चालायचा. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत जायचं. लग्न होऊन पिंपरी-चिंचवडला आले तेव्हा इथे नवरात्रात भोंडला बघितला. पाटावर तांदळाचा हत्ती काढायचा आणि भोवती फेर धरायचा. मला वाटलं, चला, हे तर आपलंच.

पण या शहरात आधी कारखान्यांमुळे आणि मग आयटीमुळे अख्खा महाराष्ट्र येऊन राहिलाय. आमच्या 64 घरांत रत्नागिरीचे आहेत, लातूरचे आहेत, जळगाव-अकोल्याचे तर बरेच. जळगावच्या बायका म्हणाल्या, आमच्याकडे गुलाबाई बसते. भाद्रपद पौर्णिमेला मातीची मूर्ती मांडायची, महिनाभर संध्याकाळी मुलींनी जमून टिपऱ्यांवर गाणी म्हणायची, कोजागिरीला निरोप द्यायचा. अकोल्याच्या वहिनी म्हणाल्या, आमची भुलाबाई, माहेरपणाला आलेली पार्वती. कुठे फेर, कुठे टिपऱ्या, गाणी वेगळी, दिवस वेगळे. पण गाणी संपली की झाकलेला डबा पुढे यायचा आणि "ओळखा बघू काय आणलंय?" हे सगळीकडे होतं. आमच्या सोसायटीचा भोंडला त्या एका धाग्यावर जुळला.

2019 मधली एक संध्याकाळ सांगते. ए विंगमधल्या आजी जळगावकडच्या. आजोबा गेल्यापासून सणाला खाली यायच्या नाहीत, गॅलरीत उभ्या राहून बघायच्या. त्या दिवशी त्यांच्या घरची पाळी होती, म्हणून नातीच्या हाती स्टीलचा डबा पाठवला. मुलांनी तो कानाशी धरून हलवला. वाजेना. "गोड की तिखट?" तिखट. "तळलेलं?" नाही. "वाफवलेलं?" हो. मग ढोकळा, मुटके, कोथिंबीर वडी, इडली, सगळं म्हणून झालं. दहा मिनिटं गेली तरी कुणाला ओळखता येईना, आणि आमच्याकडे हरलं की पदार्थाचं नाव करणाऱ्यानेच सांगायचं असतं. मुलं गॅलरीखाली जाऊन ओरडायला लागली, "आजी, हरलो! खाली या!" चारपाच जण वर गेले आणि हात धरून त्यांना घेऊन आले. आजींनी झाकण काढलं. फुणके. डाळ भिजवून जाडसर वाटायची, मिरची-कोथिंबीर घालून मुठीने वळायचे आणि वाफवायचे. नवरात्र म्हणून कांदा-लसूण घातला नव्हता. कसे करतात ते सांगता सांगता आजी कधी फेरात आल्या कुणाला कळलंच नाही. मग त्यांनी गुलाबाईची गाणी सुरू केली, एकापाठोपाठ एक, साडेनऊ वाजेपर्यंत. तेव्हापासून पाटावर हत्ती त्याच काढतात.

विकतच्या पाकिटाने आजी खाली आल्या असत्या का?

दोन वर्षांपूर्वी आपण कंत्राट देऊन पाहिलंय. कार्यक्रम वेळेत सुरू झाला, वेळेत संपला. शेवटी निवेदिका माईकवरून म्हणाली, "सांगा, आजची खिरापत काय?" आणि मुलांनी पाकिटावर छापलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. पुढच्या पाच मिनिटांत जो तो आपलं पाकीट घेऊन लिफ्टकडे गेला.

वेळ कुणाकडे आहे, हा मुद्दा मला मान्य आहे. हिंजवडीहून साडेसातला घरी पोचणाऱ्या बाईने अजून एक पदार्थ करावा असं मी म्हणणारच नाही. पण हिशोब तर करा. 64 घरं, नऊ संध्याकाळी, म्हणजे रोज सातेक घरांची पाळी. एका घरावर नऊ दिवसांत एकच डबा, तोही घासभर पुरेल एवढा. भाजलेले शेंगदाणे आणि गूळ आणलात तरी खिरापतच आहे. आणि तो बाईनेच करावा असं कुठे लिहिलंय? गेल्या वर्षी सी विंगमधल्या एका दादांनी पहाटे उठून मटकीची उसळ केली होती. मीठ जरा जास्त पडलं होतं, तरी डबा चाटूनपुसून संपला. आता मुलगे फेरात येतात, तर वडिलांनी डबा भरायला काय हरकत आहे?

रत्नागिरीच्या काकूंच्या पातोळ्या तर झाकण उघडायच्या आधीच ओळखू येतात. हळदीच्या पानाचा वास लपत नाही. त्यांनाही ते ठाऊक आहे, तरी दरवर्षी आणतात आणि आम्ही दरवर्षी मुद्दाम चुकीची उत्तरं देतो.

तेव्हा ते 700 रुपयांचं बाजूला ठेवू या. रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये वही घेऊन बसते, या आणि आपापला दिवस लिहून जा. तिसरी माळ मी माझ्या नावावर घातली आहे. काय आणणार ते सांगणार नाही. डबा हलवलात तर वाजेल, एवढंच सांगून ठेवते.