असंरचित मुलाखत म्हणजे ‘नुसत्या गप्पा’ नव्हेत

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कानावर एक मत वारंवार पडते: असंरचित मुलाखत (ठरावीक प्रश्नावलीशिवाय, मोकळेपणाने घेतलेली मुलाखत) म्हणजे नुसत्या गप्पा, तिला तयारी लागत नाही, मुलाखतकाराच्या प्रभावामुळे ती विश्वसनीय राहत नाही आणि मूठभर माणसांवरून काहीच सिद्ध होत नाही. यातला शेवटचा आक्षेप काही अंशी खरा आहे. बाकीचे टिकत नाहीत.

प्रश्न आधी लिहून ठेवलेले नसले, तरी विषय, उत्तरे देणाऱ्यांची निवड आणि नोंदीची पद्धत ठरलेलीच असते. कोणत्या उत्तरापाशी थांबून खोलात शिरायचे, हे मात्र समोर बसूनच ठरवावे लागते, आणि त्यासाठी विषयाची जाण प्रश्नावली भरून घेणाऱ्यापेक्षा अधिक लागते. १९७०च्या दशकात ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ॲन ओकली यांनी लंडनमध्ये पहिलटकरणींच्या १७८ मुलाखती घेतल्या. या स्त्रियांनी उलट ओकलींनाच ८७८ प्रश्न विचारले, आणि त्यांतले बहुतेक माहितीसाठीच होते. मुलाखतकाराने तटस्थ राहून असे प्रश्न टाळावेत, हा त्या काळच्या पाठ्यपुस्तकांचा दंडक ओकलींनी मानला नाही. बाळंतपणाच्या तोंडावर असलेल्या बाईला काय ठाऊक नाही आणि कशाची धास्ती वाटते, हे तिच्या प्रश्नांतूनच कळते. छापील प्रश्नावलीत मात्र तिने प्रश्न विचारायला जागाच नसते.

प्रभावाचा आक्षेप अधिक गंभीर आहे, पण तो प्रश्नावलीलाही लागू पडतो, आणि मोकळ्या वातावरणात तो कमी करता येतो. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांच्या अभ्यासात आठ वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा पहिल्या मुलाखतीत जेमतेम एकेका शब्दात उत्तरे देत होता. मुलाखतकार त्याच वस्तीशी परिचित, स्वतःही कृष्णवर्णीय, तरीही हीच गत. पुढच्या वेळी त्याच मुलाखतकाराने वेफर्स आणले, मुलाच्या जिवलग मित्राला सोबत घेतले आणि तो स्वतः जमिनीवर बसला. मग तोच मुलगा मित्राशी चढाओढीने बोलू लागला. पहिलीच नोंद ग्राह्य धरली असती, तर या मुलाची भाषा तोकडी आहे असा निष्कर्ष निघाला असता, आणि तो साफ चुकीचा ठरला असता.

संख्येचा आक्षेप मान्य करावाच लागतो. ओकलींच्या मुलाखतींवरून ब्रिटनमधल्या किती टक्के मातांना काय वाटते, हे सांगता येत नाही. त्यासाठी प्रातिनिधिक नमुन्यावरचे सर्वेक्षणच हवे. शिवाय प्रत्येकीला वेगळे प्रश्न विचारले गेल्यामुळे उत्तरांची काटेकोर तुलना अवघड जाते, आणि ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवून घेण्यात मुलाखतीच्या कितीतरी पट वेळ जातो.