‘मांजर आपलं घर शोधत येतंच’ म्हणणाऱ्यांना

एकच मेसेज मला महिनाभरात तीनदा आला. आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग मावसबहिणीकडून, मग दूधवाल्या भाऊंकडून. मजकूर थोडक्यात असा : मांजराला कातडीखाली ओळखीची चिप बसवणं हा डॉक्टरांचा धंदा आहे, चिपमध्ये जीपीएस नसतो, म्हणजे ती बिनकामाची, वर तिने कॅन्सर होतो, गळ्यातला पट्टा म्हणजे गळफास, घरातलं मांजर बाहेर जातच नाही, आणि गेलंच तरी सात घरं फिरून आपल्या घरी येतं, ती निसर्गाची देणगी आहे. शेवटी जोडलेले हात आणि ‘सर्व मांजरप्रेमींना पाठवा’.

निसर्गाच्या देणगीपासूनच सुरुवात करते. सात घरं फिरते ती व्यालेली मांजरी, आणि तीही पिल्लांना तोंडात धरून, सुरक्षित कोपरा शोधत. हरवलेलं मांजर घरी परतण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. हरवलेल्या मांजरांवरचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बाराशेहून जास्त मांजरांची माहिती त्यात होती. वर्षभरात सापडली ६१ टक्के. म्हणजे दहातली चार गेली ती गेलीच. काही आपली आपण परतली हे खरं, पण माणसं स्वतः बाहेर पडून शोधत होती तिथे मांजर जिवंत मिळण्याची शक्यता वाढली, हेही त्यातच आहे. शिवाय सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मांजरं निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आतच होती.

हा आकडा मी आधी वाचला असता तर चार दिवस वाचले असते. आमची ठमी पक्की घरकोंबडी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री शेजारच्या वहिनी फराळाचं ताट घेऊन आल्या, दार उघडं राहिलं, खाली कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला आणि ठमी जिन्यावरून दिसेनाशी झाली. आम्ही स्टेशनपर्यंतच्या खांबांवर कागद चिकटवले, रिक्षावाल्यांना फोटो दाखवले. ती होती बी विंगच्या मीटररूममध्ये, पॅनेलच्या मागे. वॉचमनकाका तिला दोन रात्री वाटीत दूध ठेवत होते. मी विचारलं, काका, सांगितलं का नाही? ते म्हणाले, “मला वाटलं गल्लीतलीच आहे. गळ्यात काही नव्हतं ना, ताई.”

‘घरातलं मांजर बाहेर जात नाही’ या मुद्द्याला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. उलट घरात वाढलेलं मांजर बाहेर पडलं की भेदरून अडगळीत दडतं आणि आपण हाक मारली तरी ओ देत नाही. रात्री सामसूम झाल्यावर टॉर्च घेऊन जिन्याखाली, गाड्यांखाली बघावं, डोळे चमकतात. आणि मांजराची ओळख मांजरासाठी नसते. ते ज्याच्या नजरेस पडेल त्या अनोळखी माणसाला कळावं, की याची कुणीतरी वाट बघतंय.

आता पट्टा. गळफासाची भीती अगदीच हवेतली नाही. कुत्र्याच्या पट्ट्याची छोटी आवृत्ती, धातूचं बक्कल असलेली, मांजराला घातली आणि ते ग्रिलमध्ये अडकलं तर जीव जाऊ शकतो. पण त्यासाठीच ताण बसला की आपोआप सुटणाऱ्या बकलाचे पट्टे मिळतात. अमेरिकेत ५३८ मांजरांना सहा महिने पट्टे घालून पाहिले, तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. सुमारे ७३ टक्के मांजरांच्या गळ्यात पट्टा शेवटपर्यंत टिकला. पाय पट्ट्यात अडकणं, पट्टा तोंडात किंवा कशात तरी अडकणं असे प्रकार १८ मांजरांच्या बाबतीत झाले. शंभरात तीन-साडेतीन.

दुकानदार ‘सेफ्टी’ म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नका. दुकानातच बक्कल लावून दोन्ही हातांनी झटका द्या. सुटलं नाही तर पट्टा परत ठेवा. गळ्यात घातल्यावर आत दोन बोटं जायला हवीत, जास्त ढिला असेल तर पुढचा पाय त्यात अडकतो. पिल्लू असेल तर दर आठवड्याला बघा, मान बघता बघता भरते. लोंबणाऱ्या बिल्ल्याची कडी उघडते आणि बिल्ला पडतो, म्हणून मी मोबाइल नंबर पट्ट्यावरच न पुसणाऱ्या मार्करने लिहिते आणि पुसट झाला की पुन्हा गिरवते. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार हा उंदरांचा प्रश्न होता. नंबर बांधायला तेवढं धाडस लागत नाही.

चिपबद्दल मेसेजमधलं एक वाक्य बरोबर आहे : तिच्यात जीपीएस नसतो. पण म्हणून ती बिनकामाची म्हणणं म्हणजे आधार कार्ड फोनसारखं वाजत नाही अशी तक्रार करण्यासारखं. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी, आत बॅटरी नाही. दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सुईने टोचतात. स्कॅनर जवळ आणला की त्याच्याच लहरींवर ती जागी होते आणि १५ आकडी क्रमांक सांगते. पहिले तीन आकडे देशाचे किंवा बनवणाऱ्या कंपनीचे. जीपीएसला बॅटरी लागते, सिम लागतं, आणि ते सगळं चार्ज करून मांजराच्या गळ्यात अडकवावं लागतं. किल्ल्या-पाकिटं शोधायला ॲपल विकतं तो एअरटॅगही जीपीएस नव्हे. आसपास ॲपलची उपकरणं असली तरच तो ठिकाण कळवतो.

चिपने काय होतं ते अमेरिकेतल्या प्राणी-निवाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासात दिसतं. तिथे आलेल्या एकूण भटक्या मांजरांपैकी दोन टक्केही मालकांकडे परत गेली नाहीत. चिप असलेल्यांपैकी सुमारे ३८ टक्के गेली. इंग्लंडने तर १० जून २०२४ पासून पाळीव मांजरांना चिप सक्तीची केली आहे. मांजर घेऊन युरोपात राहायला जाणाऱ्यांनाही चिप लागतेच, आणि ती रेबीजच्या लशीआधी.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे आणि ती मेसेजमध्ये नाहीच. सगळ्या दवाखान्यांत स्कॅनर नसतो, आणि देशभराची एकच नोंदवही नाही. वॉचमनकाकांकडे तर स्कॅनर नसणारच. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये पाळीव मांजरांनाही परवाना लावायचं ठरवलं. चांगलंच आहे, पण परवाना कपाटात राहतो, मांजराच्या अंगावर नाही. म्हणून माझ्या मते इथे आधी नंबर लिहिलेला पट्टा, आणि तो पडला तर मागे उभी राहायला चिप.

कॅन्सरचं : प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये चिपभोवती गाठी आढळल्या होत्या. मांजरांमध्ये अशा नोंदी तुरळक आहेत, आणि जगभर लाखो मांजरं चिप घेऊन फिरतायत. पुढे.

एक गोष्ट मात्र मेसेज लिहिणाऱ्याने विचारायला हवी होती. त्याच २००९ च्या अभ्यासात चिप असूनही मालक सापडला नाही, त्याचं सगळ्यात मोठं कारण होतं चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर. ठमी मिळाल्यावर मी तिला चिप बसवली आणि दवाखान्याच्या रजिस्टरवर सवयीने जुना नंबर लिहून आले. जिन्यात आठवलं, परत वर गेले.