अजमान पंधरा मिनिटांवर होतं

2025 च्या जुलैमध्ये महाराष्ट्र विधानसभेत शहरी नक्षलवाद रोखायचा म्हणून आणलेलं जनसुरक्षा विधेयक पास झालं त्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर जे व्हायचं ते झालंच. अर्बन नक्षल, परदेशी फंडिंग, सगळे नेहमीचे शब्द येऊन गेले आणि मग पुण्याच्या आतेभावाने लिहिलं की दुबईत बघा, असले मानवाधिकारवाले पाळत नाहीत म्हणून तर शिस्त आहे, दादा तूच सांग ना, तू तिकडे होतास.

होतो ना. पाच वर्षं बहरीनच्या मनामाला, सहा वर्षं शारजाला, आणि आता टोरांटोजवळ बर्फ उपसतोय. तिकडे असताना यातलं एक अक्षर टाइप केलं नसतं, इथून करतोय, तेव्हा शौर्याचा वगैरे प्रश्न नाही.

शिस्त आहे हे खरंच आहे. बायको रात्री साडेअकराला एकटी टॅक्सीने घरी यायची आणि मला घड्याळ बघावं लागायचं नाही, पुण्यात हे मी सांगू शकत नाही. पण "असले लोक तिथे नाहीत" हे साफ चूक, आहेत, फक्त जेलमध्ये आहेत. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) ते जे बोलत होते त्यातलं बरंचसं आपल्याच लोकांबद्दल होतं, म्हणजे लेबर कॅम्पात एका खोलीत दहा-बारा जण राहणाऱ्या आणि पासपोर्ट कफीलच्या (व्हिसा देणाऱ्या मालकाच्या) कपाटात असलेल्या लोकांबद्दल.

बहरीनचंच घ्या. तिथे अब्दुलहादी अल-ख्वाजा आणि नबील रजब यांनी 2002 मध्ये बहरीन सेंटर फॉर ह्यूमन राइट्स उभं केलं, 2004 मध्ये सरकारने ते बरखास्त केलं तरी हे काम करत राहिले, आणि परदेशी मजुरांचा प्रश्न उचलणाऱ्या आखातातल्या पहिल्या काही लोकांत ते होते, स्वतः स्थानिक असून, ज्यांना याचं काही पडलेलं असायची गरज नव्हती. ख्वाजांना 2011 च्या सरकारविरोधी आंदोलनात उचललं आणि जन्मठेप दिली, डेन्मार्कचं नागरिकत्वही कामी आलं नाही. रजबना पुढे ट्विट्ससाठी पाच वर्षं कैद. 2011 च्या त्या महिन्यांत आम्ही काय करत होतो, तर मंडळाचा गुढीपाडव्याचा कार्यक्रम कॅन्सल करायचा की पुढे ढकलायचा यावर मीटिंग.

कतारची गोष्ट तर अजून जवळची. 2014 मध्ये नेपाळी मजुरांची परिस्थिती बघायला दोन संशोधक दोह्याला गेले, ब्रिटिश नागरिक पण मूळचे नेपाळी, त्यांनाच कोठडीत टाकलं. 2021 मध्ये माल्कम बिदाली नावाचा केनियाचा साधा सिक्युरिटी गार्ड टोपणनावाने आपल्या राहण्याच्या जागेबद्दल लिहायचा, त्याला जवळजवळ महिनाभर आत ठेवलं, वर 25,000 रियाल दंड. असल्या लिहिण्याने काही होतं का? तर 2020 मध्ये कतारने मालकाच्या एनओसीशिवाय (परवानगीपत्राशिवाय) नोकरी बदलायची मुभा दिली आणि 1,000 रियाल किमान पगार ठरवला, ते काही मालकांना एकदम दया आली म्हणून नाही.

पण मला सतावतो तो अमिरातीतला मानवाधिकारवाला अहमद मन्सूर. इंजिनियर माणूस, कवी, राहायला अजमानला, म्हणजे शारजाच्या आमच्या बिल्डिंगपासून ट्रॅफिक नसेल तर पंधरा मिनिटं. ऑगस्ट 2016 मध्ये त्याच्या आयफोनवर एसएमएस आला, देशातल्या जेलमधल्या छळाची गुपितं पाहिजेत तर या लिंकवर जा. त्याने क्लिक नाही केलं, टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबला पाठवून दिलं. त्यातून पेगासस हे फोनमध्ये घुसून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर पकडलं गेलं, आयफोनच्या सुरक्षेतली तीन भोकं सापडली आणि काही दिवसांत ॲपलने 9.3.5 हे अपडेट काढलं. ते अपडेट मी रात्री फोन चार्जिंगला लावून केलं होतं, नेहमीसारखी कटकट म्हणत. मार्च 2017 मध्ये त्याला घरातून नेलं, पुढच्या वर्षी 10 वर्षं कैद आणि दहा लाख दिरहम दंड. डिसेंबर 2023 मध्ये दुबईत जगभरचे नेते हवामान परिषदेला जमलेले असतानाच मन्सूरसह 84 जणांवर नवा खटला सुरू झाला, 2024 मध्ये त्यातल्या 43 जणांना जन्मठेप आणि मन्सूरला अजून 15 वर्षं.

आतेभाऊ म्हणतो आपल्याकडे तसं नाही. बरोबर, तसं नाहीच. आपल्याकडे वकील उभा राहतो, पेपरात छापून येतं, हा ग्रुपवरचा वाद घालता येतो, मला ते कमी वाटत नाही. पण 2021 मध्ये पेगाससच्या संभाव्य लक्ष्यांची जी यादी फुटली तिच्यात भीमा कोरेगाव केसमधल्या आरोपींचे नंबर होते, आणि त्याच केसमधले स्टॅन स्वामी त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत 84 व्या वर्षी जामिनाची वाट बघत हॉस्पिटलात वारले. दुबईचं कौतुक करताना आपण तिथलं नेमकं काय इकडे आणायला बघतोय, मेट्रो की हे, एवढंच मी ग्रुपवर विचारलं. उत्तरादाखल गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल आलं.

आता मी कुठला कोणाला शिकवणार. शारजात एका कंत्राटदाराकडे खेडचा एक पोरगा होता, चार महिने पगार नाही, इंग्रजी जमत नव्हतं म्हणून माझ्याकडे आला, दादा लेबर खात्याला एक ईमेल लिहून द्या फक्त. मी म्हटलं बघतो. माझ्या मुलीची शाळा, व्हिसा, सगळं डोक्यात फिरलं आणि पुढचे दोन आठवडे मी त्याचे फोन घेतले नाहीत. 2018 मध्ये व्हिसा संपलेल्यांसाठी माफीची योजना आली तेव्हा तो आउटपास (देश सोडायचा परवाना) काढून रिकाम्या हाताने गावी गेला, आता रिक्षा चालवतो. दर ईदेला मला शीरखुर्म्याचा फोटो पाठवतो, त्या ईमेलचा विषय त्याने आजपर्यंत काढलेला नाही.