कातडं कशात कमावलंय ते आधी विचारा

कोल्हापुरी चपलेवरच्या तुमच्या लेखात तिला सरसकट 'पर्यावरणपूरक' म्हटलंय, ते अर्धंच खरं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं असेल तर ठीक. पण आज बाजारात 'कोल्हापुरी' म्हणून जे खपतं, त्यात क्रोमचं (म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं) कातडं बरंच असतं, रेग्झिन म्हणजे नकली कातडंही असतं. ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. सालीतलं कातडं आतून तांबूस-तपकिरी दिसतं, क्रोमचं बहुधा राखाडी-निळसर, वरून रंग कितीही छान दिलेला असो. अस्सल चपलेत खिळा नसतो, शिवण कातड्याच्याच वादीची असते. (आणि सालीत कमावलं म्हणजे सांडपाणी निर्मळ झालं असंही नाही हं. केस काढायला चुना लागतोच, तो कुठं सोडतात हेही विचारायला हवं.)

२०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांत बनणाऱ्या कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे त्या भागाचंच उत्पादन असल्याचा भौगोलिक दर्जा मिळाला. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या रॅम्पवर तसल्याच चपला दाखवल्या तेव्हा आपण सगळे खवळलो. खवळणं रास्तच होतं. पण पट्ट्यावरची वेणी घालणाऱ्या घरातल्या बायकांना जोडामागे काय पडतं, हे तेव्हा किती जणांनी विचारलं? कारागिरांच्या मजुरीवर लेखात एक ओळ नाही, आणि दुकानात घासाघीस करून शंभर रुपये कमी करून घेणारे आपणच. लेखकाने पुढच्या भागात जोड्याच्या किमतीची फोड द्यावी: कातडं, मजुरी, दुकानदार, कुणाला किती.