खरी रांग तर आय-१४० नंतर लागते

नोकरीवरून अमेरिकेचं ग्रीन कार्ड कसं मिळतं यावरच्या लेखात म्हटलंय की कंपनीचा आय-१४० अर्ज (म्हणजे कर्मचाऱ्याच्या ग्रीन कार्डासाठी कंपनी सरकारकडे करते ती मागणी) मंजूर झाला की ग्रीन कार्ड हातात आल्यातच जमा. भारतात जन्मलेल्यांसाठी हे वाचून हसू आलं. वर्षाला नोकरीवर आधारित सुमारे १,४०,००० व्हिसा, त्यात कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणून भारतात जन्मलेल्यांची रांग लांबते. देश धरतात तो जन्माचा, पासपोर्टचा नव्हे. नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्या देशाच्या कोट्यात बसता येतं, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

माझा मावसभाऊ अमेरिकेबाहेरूनच अर्ज करतोय. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन (कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते सांगणारा अमेरिकी सरकारचा तक्ता) उघडायचं आणि स्वतःची प्रायॉरिटी डेट (म्हणजे अमेरिकेच्या श्रम खात्याकडे पर्मचा, म्हणजे परदेशी माणूस कायमचा नोकरीवर घ्यायच्या मंजुरीचा, कंपनीचा अर्ज पोचला तो दिवस) त्या तक्त्याशी ताडून बघायची. कधी तारीख दोन आठवडे पुढे सरकते, कधी चक्क मागे जाते. घरात कॅलेंडरपेक्षा त्याच तक्त्याला मान! नंबर लागल्यावरही नॅशनल व्हिसा सेंटरची (मुलाखतीआधी फी आणि कागदपत्रं गोळा करणारं अमेरिकी कार्यालय) माणशी ३४५ डॉलर फी, डीएस-२६० हा व्हिसा अर्जाचा ऑनलाइन फॉर्म, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखत आहेच.

आणखी एक. एका एजंटाने त्याच्याकडे पर्मच्या वकिलाची फी मागितली होती. तो खर्च कायद्याने कंपनीनेच करायचा असतो, उमेदवाराकडून वसूल करता येत नाही. लेखात हे यायला हवं होतं.