३३० रुपये पोस्टेज घेतल्याच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानाला दिलेला तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. पार्सलसाठी ताटकळावं लागलं त्याबद्दल मनापासून सॉरी. पण तुम्ही लिहिलंय की "पुस्तकं चांगली आहेत पण पोस्टेजच्या नावाखाली लूट चालते, शंभर रुपयात आलं असतं त्याचे ३३० घेतले आणि वर बारा दिवस लावले", त्यातला लूट हा शब्द फार लागला हो. रिव्ह्यू सगळ्यांना दिसतो म्हणून उत्तरही इथेच देते.

शंभर रुपये तुम्ही ज्ञान पोस्टचे, म्हणजे टपाल खात्याच्या पुस्तकांसाठीच्या स्वस्त सर्व्हिसचे, धरलेत. ती सर्व्हिस चांगलीच आहे, १ मे २०२५ पासून सुरू झाली, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, टॅक्स वेगळा, ट्रॅकिंगही मिळतं. जाते रस्त्याने म्हणजे वेळ लागतो, पण कुणी नुसती पुस्तकं घेतली आणि घाई नसेल तर मी स्वतःहून सांगते की ज्ञान पोस्टने घ्या, कशाला जास्त भरता. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांना विचारा. पण तुमच्या ऑर्डरमध्ये दोन जाड बांधणीची पुस्तकं आणि त्यासोबत सहा जुने दिवाळी अंक होते. ज्ञान पोस्टमध्ये ठराविक काळाने निघणारे अंक चालत नाहीत, जाहिरातींचं छापील चालत नाही, आणि आत जे जाईल त्यावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव लागतं. दिवाळी अंक दरवर्षी निघतो, आणि जुना अंक उघडला की आधी पानंच्या पानं जाहिराती, साबण, केसांचं तेल, सहकारी बँका, साखर कारखान्यांच्या शुभेच्छा (खरं तर कित्येक लोक त्या जाहिरातींसाठीच जुने अंक घेतात). काउंटरवर "पुस्तकं आहेत" असं खोटं सांगून ढकलायचं आणि मध्येच कुणी उघडून बघितलं की पार्सल अडकणार, मग तुम्ही मला विचारणार अंक कुठे आहेत. ते काम मी करत नाही.

बरं, हे मी ऑर्डरच्या वेळी सांगितलं नव्हतं असंही नाही. दोन पार्सल करूया, पुस्तकं ज्ञान पोस्टने आणि अंक स्पीड पोस्टने, थोडे पैसे वाचतील असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचा मेसेज माझ्याकडे आहे, "दोन पार्सलची कटकट नको, एकत्रच पाठवा पण सेफ पाठवा, आधी एकदा दुसऱ्यांकडून मागवलेलं वॉचमनकडून गायब झालंय." तुमची काळजी बरोबर होती म्हणून मी स्पीड पोस्टला रजिस्ट्रेशन जोडून घेतलं, म्हणजे ज्याच्या नावावर पार्सल आहे त्याच्याच किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाच्याच हातात देतात. पूर्वी लोक म्हणायचे रजिस्टरने पाठवा, पण १ ऑक्टोबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलं नाही, स्पीड पोस्टमध्येच गेलं, आता ती सोय हवी तर वरून जोडून घ्यावी लागते. त्याचे काही फार पैसे पडत नाहीत, पैसे पडतात वजनाचे आणि अंतराचे. सगळं मिळून साडेतीन किलोच्या आसपास वजन, पुण्याहून नागपूर, त्यावर १८ टक्के जीएसटी. पोस्टाची पावती तुम्हाला पार्सल टाकलं त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर टाकलीय, आयएन ने संपणारा तेरा अक्षरांचा नंबर आहे ना तीच, त्यावर रक्कम स्पष्ट वाचता येते. पावतीवर आहे तेवढेच घेतले आणि वर खोका, बबलरॅप, टेपचे चाळीस. पोस्टेजमध्ये आम्ही एक रुपया कमवत नाही.

आता बारा दिवस. ट्रॅकिंग बघितलंत तर पार्सल तिसऱ्याच दिवशी नागपूरला पोचलेलं दिसेल. पोस्टमन घरी आले तेव्हा दाराला कुलूप होतं, तसा शेरा आलाय. वॉचमन घ्यायला तयार होता पण रजिस्ट्रेशन असल्यामुळे त्याला देता येत नव्हतं, आणि तेच तर तुम्हाला हवं होतं. मी लगेच स्क्रीनशॉट पाठवला, फोन केले, फोन लागत नव्हता. नंतर कळलं तुम्ही लग्नासाठी गावी होतात आणि तिथे रेंज नव्हती. लग्नाला जाऊच नये असं माझं म्हणणं नाही, पण आठवडाभर घरी कुणी नाही हे ऑर्डर देताना एका ओळीत कळवलं असतंत तर मी पार्सल थांबवून ठेवलं असतं. उलट पोस्टात पडून राहून परत आमच्याकडे आलं तर पुन्हा पाठवायचा खर्च कोणाच्या खिशातून, या टेन्शनमध्ये मी रोज ट्रॅकिंग बघत होते. आणि शेवटी रिव्ह्यूत आलं "बारा दिवस लावले".

काही जण म्हणतात कुरियर स्वस्त पडतं. हलक्या पार्सलला पडतंही, पण कुरियरवाले नुसतं वजन नाही बघत, खोक्याची लांबी रुंदी उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि जे जास्त येईल ते लावतात. ३० बाय २५ बाय २० चा खोका म्हणजे तीन किलो, आत दोन किलो असलं तरी. म्हणून मी मोठ्या खोक्यात वर्तमानपत्राचे बोळे भरून पाठवत नाही, मापाचाच खोका शोधते. ट्रॅव्हल्सच्या गाडीने पण पुणे नागपूर पार्सल जातं, पण ते स्टँडवर जाऊन तुम्हालाच सोडवून आणावं लागतं आणि घरपोच सही वगैरे काही नाही. शेवटी सेफ म्हणजे काय तर माल कुठे आहे ते दिसलं पाहिजे, कुणाच्या हातात दिला त्याची नोंद पाहिजे, आणि काही झालं तर दाखवायला पावती पाहिजे. हे तिन्ही धरूनच मी निवडलं.

आणि पॅकिंगबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत याचं मला जास्त वाईट वाटलं. त्या अंकांचा कागद पापडासारखा झालाय, कोपरा दुमडला की तुटून हातात येतो. प्रत्येक अंक वेगळ्या प्लास्टिक पिशवीत घातला, दोन्ही बाजूंनी अंकापेक्षा थोडा मोठा पुठ्ठा लावला म्हणजे मार पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला लागेल, अंकाला नाही. मग सगळ्यावर बबलरॅप, मग पाच प्लायचा खोका, आणि पत्त्यावर पारदर्शक टेप कारण पावसात शाई पसरली की पिनकोड वाचता येत नाही. आत एका चिठ्ठीवर तुमचा पत्ता आणि नंबर परत लिहून ठेवला होता, बाहेरचं लेबल फाटलं तरी पार्सल पोचावं म्हणून. तुम्हीच लिहिलंय पुस्तकं चांगली आहेत. ती चांगल्या अवस्थेत तुमच्यापर्यंत पोचली ती अशी पोचली सर.

आमचं दुकान म्हणजे घरातली एक खोली. मिस्टर रद्दीवाल्यांकडे आणि जुनी घरं रिकामी होतात तिथे जाऊन पुस्तकं निवडून आणतात, मी साफ करते, फोटो काढते, पॅक करते, पोस्टात नेऊन देते. यावरच घर चालतं. मोठ्या साइटवर डिलिव्हरी फ्री लिहिलेलं असतं, तो खर्च ते किमतीत किंवा कुठेतरी धरतातच, आमच्या दीडशे रुपयांच्या अंकात तो कुठे धरायचा? म्हणून आम्ही पोस्टेज वेगळं दाखवतो, ते दिसतं आणि डोळ्यात खुपतं. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून दोन जणांनी ऑर्डर करायच्या आधी विचारलं की पोस्टेजमध्ये फसवत तर नाही ना. अशा प्रश्नाला काय उत्तर द्यायचं सांगा.

तरी तुमच्या बोलण्यावर विचार केलाय. पोस्टेजची माहिती अजून नीट मांडायची आहे, कुठली सर्व्हिस कशाला चालते ते दिसेल असं काहीतरी करतोय, आणि घरी कोण आहे हे विचारायलाही सुरुवात करतेय. तुम्ही पावती एकदा उघडून बघा आणि रिव्ह्यूतला तो एक शब्द तरी बदला ही विनंती, स्टार दोनच ठेवा हवं तर.

तुम्ही सातवा अंक शोधायला सांगितला होता तो मिळालाय, मुखपृष्ठ शाबूत आहे, मागचं एक पान सुटं आहे. हवा असेल तर रविवारपर्यंत बाजूला ठेवते. एकच अंक आहे म्हणजे वजन कमी, पोस्टेज कितीतरी कमी येईल, आकडा आधी पाठवते, पटला तरच हो म्हणा. आणि त्या आठवड्यात घरी आहात का तेवढं कळवा.